वस्तीचा राग आणि बाजाराचा भाव

(मीरा रोड येथील पूनम सागर वसाहतीत झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार, महानगरपालिकेचे अंदाजपत्रक हे अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. या मालिकेत एका रॅप-गायकाच्या कारकिर्दीला स्थान मिळावे, याचे काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना नवल वाटेल. परंतु पूनम सागरच्या इमारतींखाली संध्याकाळी जमणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या कोणत्याही मुलाला विचारून पाहावे. पक्षाच्या सरचिटणीसांचे नाव त्याला ठाऊक नसेल, एम. सी. स्टॅनचे ठाऊक असेल. ज्याचा शब्द वस्तीत घरोघर पोचतो, त्याच्याकडे पाठ फिरविणे राजकीय कार्यकर्त्याला परवडणारे नाही. तो शब्द ऐकून नाक मुरडणे सोपे आहे आणि त्याला क्रांतिकारक ठरवून मोकळे होणे त्याहून सोपे आहे. अवघड काम निराळेच आहे. या गाण्यातील राग कोठून आला, त्याचा भाव कोणी ठरविला आणि त्यातला लाभ अखेर कोणाच्या पदरी पडला, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हे ते काम होय.

रागाचा उगम

रॅप म्हणजे ठेक्यावर, यमकांच्या आधाराने, गद्याच्या वेगाने म्हटलेले काव्य. पोवाडा आणि सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा प्रकार अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने एका इमारतीच्या सभागृहात तबकड्या वाजविल्या, तेथून हिप-हॉपच्या इतिहासाचा आरंभ मानतात. त्या काळचा ब्राँक्स कसा होता, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखे आहे. मोठ्या महामार्गासाठी तेथील वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या होत्या. कारखाने निघून गेले होते. विम्याच्या रकमेसाठी जुन्या इमारतींना आगी लावल्या जात होत्या, आणि १९७५ मध्ये तर न्यूयॉर्कची नगरपालिकाच दिवाळखोरीच्या कडेला येऊन ठेपली. ज्या मुलांना रोजगार आणि घर देण्यास ती व्यवस्था असमर्थ ठरली, त्यांनी जुन्या तबकड्यांवर नवे शब्द म्हणण्यास सुरुवात केली.

१९८० च्या दशकात याच संगीताची जहाल शाखा फुटली. तिलाच हार्डकोर रॅप असे नाव पडले. खडबडीत ठेका, शिवराळ भाषा, पोलिसांविषयीचा उघड संताप, टोळ्यांच्या जगाचे वर्णन आणि कोणापुढेही न वाकण्याची ऐट ही तिची लक्षणे. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील एन. डब्ल्यू. ए. या गटाची १९८८ मधील ध्वनिमुद्रिका इतकी गाजली, की पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या कंपनीला नापसंतीचे पत्र धाडले. त्याच गटातील डॉ. ड्रे यांनी पुढे भागीदारीत हेडफोन बनविणारी कंपनी काढली आणि २०१४ मध्ये अ‍ॅपलने ती ३०० कोटी डॉलरला विकत घेतली. पोलिसी पत्रापासून या सौद्यापर्यंत अवघी पंचवीस वर्षे लागली. कॉम्प्टनमधील सामान्य कृष्णवर्णीय कुटुंबाचा प्रवास मात्र त्या वेगाने झाला नाही. भांडवलशाही आपल्या विरोधकाला नेहमीच चिरडते असे नाही. पुष्कळदा ती त्याच्या विरोधाचा माल करून विकते आणि त्याला भागीदारही करून घेते.

ताडीवाला रोडचा अल्ताफ

आता महाराष्ट्राकडे वळू. मुंबईत कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये साध्या आयपॅडवर मुद्रण करून आपले गाणे लोकांपुढे ठेवले. २०१५ मध्ये अंधेरीच्या डिव्हाइनबरोबरचे त्याचे ‘मेरे गली में’ आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील इंटरनेटचे दर कोसळले आणि ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते त्या घरातील मुलाच्या हाती चित्रफितींचे भांडार आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि हा प्रवाह मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचला. साधनांची किंमत खाली येताच नवा कलावंतवर्ग उभा राहतो, या नियमाचे हे ठळक उदाहरण आहे.

अल्ताफ शेख ऊर्फ एम. सी. स्टॅन हा याच काळाचा. त्याचा जन्म १९९९ चा. तो वाढला पुण्याच्या ताडीवाला रोडवर. रेल्वे स्थानकाला लागून असलेली ही दाट वस्ती, आणि काही अंतरावर कोरेगाव पार्कचे बंगले व पंचतारांकित हॉटेले. विषमतेवरचे प्रबंध न वाचताही तिचा अर्थ समजावा, अशी ही जागा आहे. लहानपणी त्याने कव्वाली गायली, पुढे अमेरिकन रॅप ऐकले, आणि एमिनेमच्या २००० मधील एका गाण्यातील पात्रावरून स्वतःचे नाव घेतले. त्या गाण्यातला स्टॅन हा गायकाच्या वेडाने झपाटलेला चाहता आहे. चाहत्याचे नाव धारण करून हा मुलगा स्वतःच लाखो चाहत्यांचा धनी झाला.

२०१८ मधील ‘वाटा’ने त्याच्याकडे लक्ष वेधले. प्रतिस्पर्ध्याला आव्हान देणारे ‘खुजा मत’ गाजले. त्यानंतर आलेल्या ‘अस्तगफिरुल्लाह’मध्ये त्याने आयुष्यातील हालअपेष्टा सांगितल्या. या गाण्याचे नावच मुळी ईश्वराकडे क्षमा मागणारे अरबी वचन आहे. २०२० मध्ये ‘तडीपार’ आणि २०२२ मध्ये ‘इन्सान’ हे त्याचे गीतसंग्रह आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात दाखल झाला आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजी विजेता ठरला. त्याला ३१ लाख ८० हजार रुपये आणि मोटारगाडी मिळाली. अमरावतीचा शिव ठाकरे उपविजेता झाला. राष्ट्रीय वाहिनीवरच्या अंतिम स्पर्धेत महाराष्ट्रातील साध्या घरांतली ही दोन मुले समोरासमोर उभी होती, याचा वस्त्यावस्त्यांत आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता.

‘तडीपार’ या शब्दाचे वजन

त्याच्या पहिल्या संग्रहाचे नाव कार्यकर्त्यांनी थांबून वाचावे असे आहे. तडीपारी हा महाराष्ट्रातील चळवळींना अनोळखी शब्द नाही. १९५१ च्या पोलीस कायद्यातील ५५ ते ५७ या कलमांखाली एखाद्या व्यक्तीस जिल्ह्याबाहेर घालविता येते आणि हा आदेश दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. त्यासाठी न्यायालयात गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो असे नाही. भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, एवढे अधिकाऱ्याचे समाधान पुरते. म्हणूनच ही असाधारण कारवाई असून ती जपून वापरावी, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२२ मध्ये बजावावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, माहितीच्या अधिकारात अर्ज करून गैरव्यवहाराचा पाठपुरावा करणाऱ्या अमरावतीच्या एका पत्रकारावरील तडीपारीचा आदेशही त्याच न्यायालयाने रद्द केला होता.

अशा कायद्याच्या छायेत वाढणाऱ्या वस्तीत ‘तडीपार’ हा शब्द शिवीसारखा लागतो आणि पदवीसारखा मिरविलाही जातो. सरकारने ज्याला शहराबाहेर काढायचे ठरविले त्याचे नाव शहरभर गाजते, हा त्यातला गर्भित डाव आहे. अल्ताफने कायद्याच्या पुस्तकातील बहिष्काराचा शब्द उचलला आणि स्वतःच्या कपाळी अभिमानाने लावला. दलित साहित्याने शिवीचे रूपांतर अस्मितेत केले, तेव्हाही असेच घडले होते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या भाषेने अनेक सुसंस्कृत वाचक हादरले होते. अर्थात ढसाळांच्या मागे दलित पँथरसारखी संघटना होती. अल्ताफच्या मागे यूट्यूबचे आकडे होते. या एका फरकात पुढची सारी कथा सामावलेली आहे.

मुखवटा आणि माणूस

जहाल रॅपचा नायक कसा घडविला जातो? अंगावर महागडे कपडे, गळ्यात जाड साखळ्या, डोळ्यांवर गॉगल, चालण्यात बेफिकिरी, बोलण्यात तुटकपणा आणि प्रत्येक वाक्यामागे ‘आम्ही खालून आलो आहोत’ हे स्मरण. ‘बिग बॉस’च्या घरात त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची एवढी चर्चा झाली, की ते बूट हेच जणू स्वतंत्र पात्र होऊन बसले. सुखवस्तू वाचकाला ही उधळपट्टी वाटते. ज्या मुलाला आयुष्यभर पायांवरून जोखले गेले, त्याच्या दृष्टीने तो अपमानाचा हिशेब चुकता करण्याचा प्रकार असतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्ये प्रदर्शनी उपभोगाचा सिद्धान्त मांडला तो श्रीमंतांना समोर ठेवून. वस्तीतील प्रदर्शनी उपभोगामागे मात्र जुनी जखम असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. निळूभाऊ फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. पुण्यात त्यांनी माळीकाम केले, आणि पुढे ‘सामना’, ‘सिंहासन’ यांसारख्या चित्रपटांनी त्यांना अढळ स्थान दिले. पडद्यावर ते बेरकी, लंपट, सत्तांध पुढारी रंगवीत आणि खेड्यापाड्यांतील बायाबापड्या त्यांना पाहून बोटे मोडीत. पडद्याबाहेर मात्र तेच निळूभाऊ समाजवादी चळवळीच्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर साध्या कपड्यांत उभे राहत. मुखवटा रात्री उतरवून खुंटीला टांगण्याची मुभा त्या कलावंताला होती. रॅपच्या बाजारात ही मुभा नाही. गाण्यात जे सांगितले ते तू जगलाच असला पाहिजेस, अशी या कलेची अट आहे. तिला ‘अस्सलपणा’ म्हणतात. परिणामी कलावंताने केवळ गाणे विकून भागत नाही. आपले बालपण, आपली गल्ली, आपले मित्र, आपले भांडण, सारेच त्याला बाजारात मांडावे लागते.

‘बिग बॉस’ हे या व्यवहाराचे टोक होय. तेथे माणूस चोवीस तास कॅमेऱ्यासमोर ठेवला जातो. त्याचे झोपणे, रुसणे, आईच्या आठवणीने रडणे यांचेही उत्पादन होते. कामगाराच्या श्रमाचे आठ तास विकत घेणारी गिरणी निदान भोंगा झाल्यावर त्याला सोडून देत असे. या नव्या कारखान्याला भोंगाच नाही. आणि तरीही प्रेक्षकांनी अल्ताफला जिंकून दिले, त्याचे कारण तो तेथे सर्वांत कमी नाटकी वाटला हेच होते. घर सोडून जाण्याची भाषा तो वारंवार करी. डावपेच त्याला फारसे जमत नसत. लोकांना या घराण्याविना, ओळखीविना आलेल्या मुलामध्ये आपले काहीतरी दिसले. बाजाराने मांडलेल्या खेळातही लोक स्वतःचा न्याय शोधत असतात, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये.

एक विजेता, हजारो हरलेले

मार्क्सने एका ठिकाणी गायिकेचे उदाहरण दिले आहे. ती स्वतःच्या हिमतीवर गाते तोवर भांडवलाच्या दृष्टीने ती उत्पादक श्रमिक नव्हे; एखाद्या धंदेवाइकाने पैसा मिळविण्यासाठी तिला कामावर ठेवले की तीच उत्पादक ठरते. आजचा रॅपर या दोन्ही अवस्थांत एकाच वेळी असतो. गाणे त्याचे, खोली त्याची, जोखीमही त्याचीच. मात्र ज्या मंचावरून ते गाणे लोकांपर्यंत जाते, तो मंच, जाहिरातींचा दर आणि गाणे कोणापुढे सरकवायचे याची गुप्त गणिते परदेशी कंपन्यांच्या हाती असतात. उत्पादनाची साधने स्वस्त झाली, वितरणाची साधने अधिकच थोड्या हातांत एकवटली. स्पॉटिफाय या कंपनीने तर २०२४ पासून नियमच केला, की ज्या गाण्याला मागील बारा महिन्यांत किमान एक हजार श्रवणे मिळाली नाहीत, त्याच्या मुद्रणाचे मानधनच निघणार नाही. एका गाण्याचे ते पैसे किरकोळ असतील. परंतु जगभरच्या अशा असंख्य गाण्यांचे पैसे आता अधिक ऐकल्या जाणाऱ्यांच्या वाट्याला जातात.

अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये ‘सुपरस्टार’च्या अर्थकारणावर निबंध लिहिला. तंत्रज्ञानामुळे एकच कलावंत साऱ्या बाजाराला पुरू शकतो, तेव्हा गुणांतील थोडासा फरक उत्पन्नात प्रचंड अंतर निर्माण करतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. ताडीवाला रोडवर, धारावीत, गोवंडीत, नया नगरात शेकडो मुले यमके जुळवीत आहेत. त्यांतला एखादा अल्ताफ होतो. उरलेली माल पोचविण्याच्या कामावर दुचाकीने धावतात, किंवा महिन्याच्या कंत्राटावर सुरक्षारक्षक होतात. एकाच्या यशाची झगमगीत गोष्ट दाखवून हजारोंच्या बेकारीचा प्रश्न बाजूला सारता येतो. त्याने करून दाखविले, तुला का जमत नाही, असा सवाल प्रत्येक हरलेल्या मुलाच्या कानी पडत राहतो. व्यवस्थेचा दोष अशा रीतीने व्यक्तीच्या माथी मारला जातो. अल्ताफच्या यशाबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. त्या यशातून काढला जाणारा हा निष्कर्ष मात्र नाकारला पाहिजे.

परवानगी कोणत्या रागाला?

बाजाराने दिलेली प्रतिष्ठा कितपत टिकाऊ असते? ‘बिग बॉस’ जिंकल्यानंतर सुमारे महिनाभराने, मार्च २०२३ मध्ये, इंदूर येथे अल्ताफच्या कार्यक्रमात करणी सेनेचे कार्यकर्ते मंचावर चढले आणि कार्यक्रम बंद पडला. गाण्यांतील अश्लील भाषा हे कारण सांगण्यात आले. ज्याला लाखो प्रेक्षकांनी निवडून दिले, त्याला एका रात्री मंच सोडावा लागला. वस्तीतील मुस्लिम तरुण कितीही मोठा झाला, तरी त्याच्या पायाखालची फळी किती पातळ असते, हे त्या रात्री दिसले.

पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात आणखी दोन घटना घडल्या. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे या तरुणाने २०२२ मधील सत्तांतरावर मराठीत रॅप केले, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सामान्य जनतेच्या हालांवर गाणे करणाऱ्या उमेश खाडे या रॅपरवर मुंबईत वडाळा येथे गुन्हा नोंदविण्यात आला. या दोघांना वाहिनीचा करार मिळाला नव्हता, मिळाले ते पोलीस ठाण्याचे बोलावणे. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की नियम ध्यानी येतो. जोवर राग प्रतिस्पर्धी गायकावर, अनाम शत्रूवर, किंवा नुसत्या नशिबावर असतो, तोवर बाजार त्याला बक्षीस देतो. त्या रागाला पत्ता मिळाला, त्याने मंत्र्याकडे किंवा कंत्राटदाराकडे बोट दाखविले, की दंडसंहिता उघडली जाते. पुण्याच्याच कबीर कला मंचाच्या शाहिरांनी तर या नियमाची किंमत तुरुंगात मोजली आहे.

परंतु तिसरी वाटही या भूमीत आहे. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातील वारली आदिवासींच्या प्रश्नावर गाणे केले आणि त्यात आरेचेच प्रकाश भोईर सहभागी झाले. चळवळीतला माणूस आणि रॅपर एकाच गाण्यात उभे राहिले, तेव्हा रागाला पत्ता मिळाला आणि संघटनेची सोबतही मिळाली.

टीकेचे दोन मुद्दे

सहानुभूती म्हणजे डोळेझाक नव्हे. जहाल रॅपमधील स्त्रीविषयक भाषा अनेकदा किळसवाणी असते आणि अल्ताफची आरंभीची गाणी त्याला अपवाद नाहीत. ‘वस्तीची भाषाच तशी आहे’ हे समर्थन टिकत नाही, कारण वस्तीत आई-बहिणीही राहतात आणि त्या शिव्यांचे ओझे त्यांनाच वाहावे लागते. पोलिसाच्या अपमानाविरुद्ध पेटून उठणारा तरुण मैत्रिणीच्या अपमानाने टाळ्या मिळवितो, तेव्हा त्याचे बंड अर्ध्यावर थांबलेले असते. ही टीका करण्याचा अधिकार मात्र मंचावर चढून कार्यक्रम उधळणाऱ्यांना नाही. ती टीका समतेच्या बाजूने, युक्तिवादाने, त्याच्या श्रोत्यांसमोर बसून केली पाहिजे.

दुसरा मुद्दा मुक्तीच्या कल्पनेचा. या गाण्यांत गरिबीतून सुटका म्हणजे गाडी, साखळी, बूट. वस्ती सुधारत नाही. एक मुलगा वस्तीतून बाहेर पडतो. तेथील पाण्याचा नळ, शाळेची गळकी खोली, नाल्याकाठच्या झोपड्या जेथल्या तेथे राहतात. सामुदायिक मुक्तीचे स्वप्न दाखविणारे कोणी आसपास उरले नाही, म्हणून त्या मुलाने एकट्याच्या मुक्तीचे स्वप्न पाहिले. ते स्वप्न दाखविणे हे ज्यांचे काम होते, त्यांत आपली चळवळही येते.

शाहिराची रिकामी जागा

बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल या गरीब मुलाने गिरणीत घाम गाळला, कामगारांच्या लढ्यात उडी घेतली आणि अमर शेख या नावाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदाने दणाणून सोडली. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापटांपासून निळूभाऊंपर्यंत कितीतरी माणसे पुढे आली. मेहबूबचा अमर शेख झाला, कारण त्याला उचलून घेणारी संघटना जागेवर होती. अल्ताफचा स्टॅन झाला, कारण त्याच्या काळात त्या जागेवर कोणी नव्हते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरणगाव गेले आणि शाहिराला उभे राहण्यासाठी लागणारे मैदानही गेले. मुलांचा राग मात्र कोठेच गेला नव्हता. बाजार आला आणि त्याने तो उचलला.

मीरा-भाईंदरला हा विचार विशेष लागू आहे. जानेवारी २०२४ मध्ये नया नगर भागातील तणावानंतर येथील दुकानांवर बुलडोझर चालला. २०२५ च्या जून-जुलैमध्ये मराठी न बोलण्यावरून मीरा रोडमधील एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, पाठोपाठ मराठी भाषकांचाही निघाला. या पार्श्वभूमीवर अल्ताफची बोली ऐकावी. ती हिंदी म्हणावी तर तिच्यात मराठीचे शब्द आणि मराठीचीच वळणे आहेत. मराठी म्हणावी तर व्याकरण हिंदीचे आहे, आणि उर्दू-अरबीची छटा वर आहे. पुण्याच्या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या शेजार करून राहिलेल्या माणसांनी ती घडविली. ‘तडीपार’ हे नाव समजायला पुण्याच्या मुलाला कोश लागत नाही आणि लखनौच्या मुलाने ते महाराष्ट्राकडून शिकून घेतले. डॉ. लोहियांनी लोकभाषेचा आग्रह धरला तो सामान्य माणसाला राज्यकारभारात बोलता यावे म्हणून. मराठीचा हक्क शाळेत, कचेरीत, न्यायालयात ठामपणे मागायलाच हवा. मात्र भाषा काठीने पसरत नाही. ती एकत्र जगण्यातून आणि एकत्र गाण्यातून पसरते.

कार्यकर्त्यांसमोरील कामे

या विवेचनातून काही ठोस कामे निघतात. प्रत्येक प्रभागात समाजमंदिरे, वाचनालये, महानगरपालिकेच्या रिकाम्या खोल्या आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या मुलांना सरावासाठी मिळाव्यात, अशी मागणी लावून धरता येईल. या खोल्यांत मुलींसाठी राखीव वेळ असावा. त्यांना मंच मिळाला की शिवराळपणाला उत्तर देणारे गाणे आपोआप तयार होईल.

दुसरे काम कायद्याच्या शिक्षणाचे. २०१२ मधील स्वामित्वहक्क कायद्याच्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना मानधनातील समान वाट्याचा असा हक्क दिला आहे, की तो कंपनीला लिहून देता येत नाही. इंग्रजी करारावर न वाचता सही करणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? शेतमजुराला किमान वेतनाचा दर सांगणे हे जसे पक्षाचे काम, तसेच हेही आहे. तिसरे काम वकिलांच्या मदतीचे. उद्या मीरा रोडच्या एखाद्या मुलाने कचऱ्याच्या कंत्राटावर किंवा पाणीटंचाईवर गाणे केले आणि त्याला पोलीस ठाण्यातून बोलावणे आले, तर त्याच्यासोबत जाणारा पहिला माणूस पक्षाचा असला पाहिजे.

चौथे काम सर्वांत साधे आणि बहुधा सर्वांत कठीण. त्या मुलांना आपली गाणी शिकविण्याची घाई न करता आधी त्यांची ऐकावीत. पक्षाच्या घोषणा यमकांत बसवून देणारे भाडोत्री रॅपर निवडणुकीच्या हंगामात सर्वच पक्षांना मिळतात. त्यांचा उपयोग मतदानापर्यंतच असतो. ज्याच्या रागाला आपण पत्ता दाखवू शकू आणि ज्याच्याकडून वस्तीची खरी खबर आपल्याला मिळेल, असा साथी ऐकण्यातूनच जोडला जातो.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक शाखेने आपापल्या प्रभागातील अशा किमान पाच मुलामुलींची गाणी ऐकून यावे आणि त्यांत कोणत्या प्रश्नांचा उल्लेख होता, त्याची नोंद करून आणावी. त्या नोंदींतून महानगरपालिकेसमोर ठेवण्याच्या मागण्यांची यादी तयार होईल, आणि ती यादी कोणत्याही कार्यालयात बसून केलेल्या यादीपेक्षा अधिक खरी असेल.